तुझं रबर, माझं पोलाद

भाऊ, ती लाल गाडी अजून आपल्या शेडमध्येच उभी होती. जॅकवर चढवलेली, चाकं काढलेली, तू सोडून गेलास तशीच. तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी जशुभाईंचा फोन आला. आधी त्यांनी तुझी आठवण काढली. आवाज भरून आला त्यांचा, खोटं सांगत नाही. पण कामाचं बोलल्याशिवाय सुरतचा माणूस फोन ठेवेल तर शपथ. "मंगलबेन," ते म्हणाले, "रविवारे मारे जवुं छे. कपलिंगनुं शुं कर्युं?"

कपलिंगचं काय केलं! हेच तर मी तुला विचारत होते, तू जायच्या आदल्या दुपारपर्यंत. रबर घालायचं की पोलाद? उत्तर द्यायची वेळ आली की चहा सांगायला उठून जायची तुझी सवय जुनीच, पण या वेळी तू हद्द केलीस.

तू कुठल्या गावचा, सुरतेत कसा आलास, किती कष्ट उपसलेस, हे सगळं लोक घरी येऊन बोलून गेले. मी मान डोलावत बसले. मला तुझ्याशी बोलायचंय ते फक्त या गाडीबद्दल. मला राग आलाय तुझा. रडू येतं ते वहिनीसमोर गिळते, पण राग गिळता येत नाही आणि तो काढायला समोर तू नाहीस.

मुळात आपला आणि मोटारींचा संबंध काय होता? पांडेसऱ्यातल्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधले, ओलं कापड पिळणारे लोखंडी रोलर आपल्याकडे येतात. त्यांच्यावरचं झिजलेलं रबर खरवडून आपण नवं चढवतो. मी मिक्सिंग मिलवर रबर मळायचं, तू ते चढवून वाफेत भाजायचं, आणि दोघांनी दिवसभर भांडायचं, हे आपलं दुकान. जशुभाई आपलं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या तरुणपणीची ती दोन माणसांची विलायती गाडी, बसकी, जमिनीला टेकेल की काय अशी. ती बंद पडली आणि कुठल्या गॅरेजवाल्यानं सांगितलं की हा रबराचा भाग कुणी करून देत असेल तर पांडेसऱ्यातला रोलरवालाच. झालं. तुझ्यात हवा भरली.

तो भाग म्हणजे हे कपलिंग, वीतभर रुंदीची रबराची जाड चकती. तिला सहा भोकं. तीन बोल्ट गिअरबॉक्सच्या बाजूनं, तीन मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या बाजूनं. इंजिनाचा सगळा जोर त्या वीतभर रबरातून पुढे जातो. शाफ्ट जातो दोन सीटच्या मधून, बसणाऱ्याच्या मांडीजवळून, मध्ये फक्त एक पत्रा. चकती फाटली की फिरता शाफ्ट मोकळा होतो आणि त्या पत्र्यावर घणासारखा बसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिलं कपलिंग परदेशातून मागवलेलं, तू बसवलंस आणि तूच चालवून बघायला गेलास. संध्याकाळी गाडी दोरीनं ओढत आली. मधला पत्रा तुझ्या बाजूला आत आला होता आणि तू लंगडत होतास. वर हसत होतास. "काही नही झायं," म्हणालास. मांडीवरचा काळानिळा डाग वहिनीनं घरी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला फोनवर जे काय ऐकवलं ते मी तुला कधी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून आपलं भांडण लागलं. मी म्हणत होते, रबर नकोच. पोलादी क्रॉस घाल, ट्रकला असतो तसा. तू म्हणायचास, ही गाडी ट्रक आहे का? मी म्हणाले, बरं, मग पीयू घालू, त्या पिवळ्या प्लॅस्टिकसारख्या रोलरांचं, ते रबरापेक्षा चिवट. तू म्हणालास, पीयू आतून तापतं आणि बाहेरून गोरंगोमटं दिसत राहतं, फसवं आहे. मी म्हणाले, मग आपलं रोजचं काळं मिलचं रबर घे, तेलाला दाद देत नाही, गिअरबॉक्स तर तेल गाळतोय. तर म्हणे तेल गाळतो त्याचं सील बदलू, त्याच्यासाठी रबर कशाला बदलायचं? तुला अस्सल झाडाचं रबर हवं होतं, आत नायलॉनचं सूत गुंडाळलेलं. सूत तर सुरतेत पाहिजे तेवढं. तू ते सूत निवडत बसायचास, साडी निवडायला आलेल्या बाईसारखा.

"मंगल," तू म्हणायचास, "रबर आधी सांगस, मंग फाटस. बारीक तडा पडस, दखाई जास. पोलाद सोता तुटत नही, दुसराले तोडस."

"अन् नही सांगं तं?" मी विचारायचे.

"सांगस. दखनारा पाहिजे."

हे वाक्य आता मला झोपू देत नाही, भाऊ. छातीत भरल्यासारखं होतंय हे तू कुणाला सांगितलंस? गॅस झालाय म्हणालास, सोडा मागवलास, अर्धा मला दिलास आणि पुन्हा साच्यावर वाकलास. जगातल्या प्रत्येक रबराला तडा कुठे पडणार ते तुला वाचता येत होतं आणि स्वतःच्या बाबतीत तू पोलाद निघालास. तुटायच्या आधी चकार शब्द काढला नाहीस आणि आम्हाला मात्र तोडून गेलास. वहिनी अजून दोन माणसांच्या भाकरी थापते आणि मग एक झाकून ठेवते.

तर जशुभाईंचा रविवार. तुला ते ठाऊकच होतं. सोमवारी त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन. त्यानंतर क्लच दाबता येईल असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. लग्न झाल्यावर याच गाडीतून ते सरलाकाकींना डुमसच्या समुद्रावर घेऊन गेले होते आणि आता एकदा, शेवटचं म्हणून, न्यायचं होतं. पोरांनी समजावून झालं, मी समजावलं. म्हटलं, दुसऱ्या गाडीनं जा, समुद्र तोच आहे. ते हसले. म्हणाले, समुद्र तोच असेल, बेन, पण तुझी काकी दुसऱ्या गाडीत झोपून जाते.

म्हणजे सत्तरी उलटलेली दोन माणसं, त्या शाफ्टच्या दोन बाजूंना. कपलिंग मी बसवणार. तुझं काही चुकलं असतं तर लोक म्हणाले असते, बिचारा, प्रयोग करत होता. माझं चुकलं तर दोन जीव आणि तुझं दुकान, दोन्ही माझ्या हातून जाणार होते.

मी पोलादच ठरवलं. तू हयात असतानाच तुझ्या नकळत उधन्याच्या एका लेथवाल्याकडून क्रॉस करून ठेवला होता, तुझ्या नाकावर टिच्चून बसवायला. नाक गेलं, क्रॉस राहिला. शुक्रवारी सकाळी मी आणि प्रभाकरनं, आपल्या वर्ध्याच्या फिटरनं, तो बसवला. गाडी जॅकवरच ठेवून इंजिन चालू केलं, क्लच सोडला. ठण्ण! शेडभर आवाज. गिअर बदलला, पुन्हा ठण्ण. प्रत्येक धक्का सरळ गिअरबॉक्सच्या पोटात जात होता. प्रभाकर खाली आडवा झाला, गिअरबॉक्सच्या कवचावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "बाई, हे चिरन जी," तो म्हणाला. "जुनं कवच हाये. पायाखालीच फुटन." त्या कवचाला लागूनच तर चालवणाऱ्याचे पाय असतात.

मी इंजिन बंद केलं आणि तुला शिव्या दिल्या. मोठ्यानं. प्रभाकर तोंड फिरवून उभा राहिला. एकदा, फक्त एकदा मी बरोबर असते तर काय बिघडलं असतं तुझं?

मग तुझा साचा उघडला. आत तू भाजलेलं कपलिंग होतं, काळं, गुळगुळीत. आणि त्याच्याभोवती लोखंडी पट्टी आवळलेली. कापडाच्या गाठीला मारतात तीच पट्टी, तीच क्लिप, वर त्याच चिमट्याचा दाब. मला वाटलं, थंड होताना आकार बिघडू नये म्हणून बांधलं असशील. प्रभाकरनं सवयीनं कात्री उचलली. सुरतेत कुणाच्याही हातात पट्टी मारलेली वस्तू दे, तो पहिली पट्टी कापणार. गाठ आली की पट्टी काप, मग पुढचं बोल. आपण सगळे त्यातच वाढलो.

"पट्टी कापून टाकतो ना बाई?"

"टाक" म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्या क्षणी मला तू आठवलास, परदेशी खोका उघडणारा. त्या कपलिंगलाही पट्टी होती, भाऊ. चकचकीत, जाड. तू ती कट्कन कापलीस, बाजूला फेकलीस आणि मग अर्धी दुपार पहारीनं ढोसत बसलास, कारण भोकं जुळत नव्हती. "विलायतना मानूसले माप लेता येत नही," असं म्हणत तू ती चकती एकेका बाजूनं ताणून ताणून बोल्टवर चढवलीस. मी पहार धरून शेजारीच होते.

"थांब," मी ओरडले. प्रभाकर दचकला, कात्री खाली पडली. "काय झालं जी?"

फाटलेलं ते जुनं कपलिंग तू खिळ्याला टांगून ठेवलं होतंस. मी काढून पाहिलं. दोन भोकांच्या मधला एक भाग फाटलेला, पुढचा धड, पुन्हा एक फाटलेला, पुढचा धड. शाफ्ट फिरताना एकाआड एक भाग ताणले जातात आणि मधले दाबले जातात. फाटले होते ते ताणले जाणारे. दाबलेलं रबर किती सोसतं आणि ताणलेलं किती लवकर जातं, हे रोलरवाल्याच्या घरात कुणाला सांगायला लागतं का? पट्टी बांधण्यासाठी नव्हतीच. ती सगळं रबर आत दाबून धरण्यासाठी होती. आधी बोल्ट घट्ट करायचे आणि मग ती कापायची, म्हणजे रबर आतल्या आत दाबलेलंच राहतं, कुठलाच भाग ताणला जात नाही.

तुला हे कळलं होतं. म्हणून तर तू गाठीची पट्टी मारून ठेवलीस. कधी कळलं ते देव जाणे, पण मला सांगितलं नाहीस, कारण सांगायचं तर "पहिलं मी बिघडवलं" हे म्हणायला लागलं असतं, आणि मी ते दर राखीला तुला ऐकवलं असतं. ऐकवलंच असतं! सोडते की काय? त्यापेक्षा तू माझ्याशी रबर की पोलाद घोळवत बसलास. दोन्ही वस्तूंवर तावातावानं बोलत होतो आपण आणि बिघाड झाला होता तो तुझ्या कात्रीनं. मी साच्यावर डोकं टेकून हसले आणि मग जे सुरू झालं ते हसू नव्हतं. प्रभाकर बिचारा पाणी घेऊन आला.

आम्ही पट्टीसकट बसवलं. पहार लागली नाही. सहाही बोल्ट बोटांनी आत गेले. घट्ट केले, मग प्रभाकरनं पट्टी कापली. टण् करून ती उडाली आणि चकती जागची हलली नाही.

तरी माझी भीती जाईना. तू कधी चुकत नाहीस असं कोण म्हणतं? निदान मी नाही. म्हणून मी माझंही केलं. शाफ्टभोवती जाड पोलादी कडं, दोन्हीकडून चासीला बोल्टनं धरलेलं. उद्या रबर गेलंच तर शाफ्ट त्या कड्यात अडकून राहील, माणसापर्यंत पोचणार नाही. तू असताना मी हे सुचवलं तेव्हा तू रुसला होतास, माझ्या रबरावर विश्वास नाही म्हणून. नाहीच मुळी. काकी बसणार होत्या त्याच्या शेजारी.

आणि आधी मी बसणार होते. शनिवारी सकाळी हे घरी सांगितलं तर वहिनी दारात आडवी उभी राहिली.

"तू नको बसू त्या गाडीमा. एक मानूस गया मन्हा. आते तू बी?"

"वहिनी, भाऊनी करेल शे ते."

"तेनी करेल शे म्हनीसनच भ्याव वाटस."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो, भाऊ, तुझ्यावर. मग ती बाजूला झाली. पण माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "जाय. पन परत ये."

गाडी जशुभाईंनीच चालवली, ती दुसऱ्या कुणाला देतील तर ना. सचिन गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी विचारलं, "धीमे चलावुं, बेन?" मी म्हटलं, नाही, काकींना घेऊन जसे चालवाल तसे चालवा. बोलले खरी, पण माझा डावा हात दार धरून होता आणि उजवा मधल्या पत्र्यावर. तो आत आलेला भाग तू ठोकून सपाट केला होतास, तरी हाताला लागत होता. याच जागी तुझी मांडी होती.

पहिला, दुसरा. आवाज नाही. तिसरा. समोरून येणाऱ्या ट्रकसाठी जशुभाईंनी पाय उचलला आणि पुन्हा एकदम दाबला. हाच तो झटका, यालाच पहिलं फाटलं होतं. मी डोळे मिटले. देवाचं नाव आलं नाही तोंडात, तुझं आलं. "भाऊ, धरून ठेव," असं काहीतरी मी बोलले आणि जशुभाईंना वाटलं त्यांनाच सांगतेय, त्यांनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं.

धरलं, भाऊ. तुझ्या रबरानं धरलं. झटका आला आणि मऊ होऊन पुढे गेला. कुठे ठण्ण नाही, कुठे धक्का नाही. जशुभाईंनी चौथा टाकला, केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि तरुण पोरासारखे ओरडले. मी परत येईपर्यंत रडत होते आणि त्यांनी सगळा रस्ता नजर समोरच ठेवली. फार समजूतदार माणूस आहे. उतरल्यावर मी गाडीखाली गेले, बॅटरी लावून चकती सगळीकडून पाहिली. एक रेष नव्हती.

रविवारी ते दोघं डुमसला गेले. मी दुकानात बसून राहिले. फोन समोर ठेवलेला. प्रभाकरला सुट्टी असून तोही आला होता, उगाच रोलर पुसत. दुपार कलली तरी काही नाही. वहिनीचे फोन येत होते, "ऊनात का?", आले का म्हणून, आणि मी दर वेळी तिच्यावर खेकसत होते. मग फाटकात हॉर्न वाजला. काकींच्या साडीचा काठ ओला होता, पायांना वाळू लागलेली. गाडीतून उतरवताना मी हात दिला तर त्यांनी माझा गाल धरला आणि म्हणाल्या, "तारा भाईने केजे, हुं जागती हती." तुझ्या भावाला सांग, मी जागी होते.

म्हणून सांगतेय. त्या सगळा वेळ जाग्या होत्या.

आज सकाळी ऑपरेशन झालं, नीट झालं. पोलादी क्रॉस मी लेथवाल्याला परत दिला. तू जिंकलास असं काही मी म्हणणार नाही, मला ओळखतोस. आणि खरं सांगू का, चौथ्या गिअरला थोडी थरथर आहे. अगदी बारीक, पायाला लागते. जशुभाई म्हणतात गाडी जुनी आहे, प्रभाकर म्हणतो चाकांची हवा असेल. मी सांगते, ती तुझ्या रबराची आहे. मळताना तू ते थोडं मऊ ठेवायला लावलंस, मी तेव्हाच नको म्हणत होते. तुझंच चुकलंय, भाऊ. ये, आणि नाही म्हण.